तारेवरचा सूर

कामगार चळवळीत तीस वर्षे घालविलेल्या माणसाने संगीतावर बोलावयास उभे राहावे, याचे आपणांपैकी काहींना नवल वाटेल. खरे सांगावयाचे तर आम्हांलाही वाटते. आमचे शाळेतले शिक्षण सातवीपर्यंतचे. पुढचे जे काही झाले ते जिनिंग-प्रेसिंगच्या आवारात, वाचनालयाच्या बाकावर आणि पहूरच्या भजनी मंडळात. तेव्हा रागरागिण्यांचे शास्त्र आमच्याकडून ऐकावयास मिळेल, अशी अपेक्षा कोणी धरू नये. गाणारा एका गावी, ऐकणारा किंवा शिकणारा शेकडो कोसांवर आणि मधे तार, हा प्रकार केव्हा सुरू झाला, तो कोठवर आला आणि त्यात कोणाला काय मिळाले व कोणाचे काय गेले, एवढेच आम्ही पाहणार आहो. मिळाले काय आणि गेले काय हा हिशेब मांडण्याची आमच्या धंद्याला सवयच आहे.

हा प्रश्न आमच्या घरात शिरला तो २०२० च्या मार्चमध्ये. २२ तारखेला जनता कर्फ्यू झाला, २५ पासून सारा देश बंद झाला. पाचोऱ्याहून जामनेरला जाणारी आमची छोटी पी.जे. गाडी पहूर स्टेशनावरून नाहीशी झाली. एस.टी. बंद, जळगावचा गायनवर्ग बंद. आमची पुतणी तेव्हा चौदा वर्षांची होती आणि दर रविवारी जळगावला गाणे शिकावयास जात असे. महिनाभर ती नुसती बसून होती. मग एका नातलगाच्या ओळखीने पुण्याच्या एका गायिकाबाईंनी तिला मोबाइलवरून शिकविण्याचे कबूल केले. दोघींनी एकमेकींना कधी पाहिलेले नव्हते. घरात रेंज नसे म्हणून पोरगी धाब्यावर जाई, पिठाच्या डब्याला मोबाइल टेकवून ठेवी, शेजारी वहिनीच्या मोबाइलवर तानपुरा लावी आणि गावयास बसे.

तिसऱ्या की चौथ्या दिवशी बाई म्हणाल्या, "तानपुरा बंद का केलास गं?"

"ताई, चालूच आहे."

"मला तर ऐकूच येत नाही. तू नुसती अधांतरी गातेस."

आम्ही जिन्यात बसून हे ऐकत होतो. तानपुरा चालू होता, आम्हांला तो स्वच्छ ऐकू येत होता. पोरीचा आवाज पुण्यास पोचत होता आणि तिच्या हातभर अंतरावरचा तानपुरा मात्र वाटेत कोठे तरी गळून पडत होता. तो कोणी खाल्ला, हे शोधून काढावयास आम्हांला पुष्कळ दिवस लागले. त्या शोधाच्या निमित्तानेच हे सारे वाचन घडले.

तार येण्यापूर्वी गाणे माणसाच्या पायांनी प्रवास करीत असे. शिकणारा गुरूच्या घरी जाई, किंवा गुरू एखाद्या संस्थानात किंवा पेठेत येऊन राही. आपल्या जळगावचेच उदाहरण घ्या. नारायण श्रीपाद राजहंस म्हणजे पुढचे बालगंधर्व बालपणी काही काळ जळगावात होते आणि मेहबूब खाँ यांच्याकडे गाणे शिकले. खाँसाहेब जळगावात नसते तर त्या पोराच्या गळ्यावर पहिला संस्कार कोणी दुसऱ्याने केला असता. म्हणजे कोण कोणत्या गावी राहतो, यावर विद्या कोणाला मिळावयाची ते ठरत असे. जातीवरही ठरत असे, पैशावरही ठरत असे. जुन्या काळाची आठवण काढताना हे विसरले जाते.

या बंधनाला पहिली चीर पाडली ती कागदाने. बडोद्यास मौलाबक्षांनी १८८६ साली गायनशाळा काढली व लिपीत चिजा उतरविल्या. विष्णु दिगंबर पलुस्करांनी १९०१ साली लाहोरास गांधर्व महाविद्यालय स्थापिले, आणि मुंबईच्या भातखंड्यांनी गावोगाव हिंडून घराण्यांच्या चिजा मिळविल्या व स्वरलिपीसह छापून काढल्या. स्वरलिपी म्हणजे गाण्याचे टपालच म्हणावयाचे. चीज पाकिटात घालून पाठविता येऊ लागली. जुन्या गवयांनी तेव्हा जो आक्षेप घेतला तोच आज मोबाइलवरच्या शिक्षणावर घेतला जातो: कागदावर स्वर उतरतो, श्रुती उतरत नाही, मींड उतरत नाही. आक्षेप खोटा नव्हता. पण ज्याच्या गावी गवईच नाही, त्याला त्या कागदावाचून दुसरे काय मिळणार होते, याचे उत्तर आक्षेप घेणाऱ्यांजवळ नव्हते.

तारेवरून जिवंत गाणे ऐकविण्याचा उद्योग तर आपण समजतो त्याहून फार जुना आहे. १८८१ साली पॅरिसला विजेचे प्रदर्शन भरले होते. क्लेमाँ आदेर नावाच्या यंत्रज्ञाने तेथील ऑपेरागृहाच्या रंगमंचावर टेलिफोनचे ग्राहक बसविले आणि प्रदर्शनाच्या दालनात लोक दोन्ही कानांना नळ्या लावून चालू प्रयोग ऐकू लागले. दोन कानांना दोन वेगळ्या ग्राहकांचा आवाज, म्हणून गाणारा डावीकडून उजवीकडे चालला की तेही कळे. पुढे १८९० साली त्याची कंपनी निघाली व ती १९३२ पर्यंत चालली. हॉटेलांतून नाणे टाकले की काही मिनिटे ऑपेरा ऐकावयास मिळे. म्हणजे घरबसल्या संगीत व त्याचे मिनिटावारी भाडे ही कल्पना मोबाइल कंपन्यांनी काढलेली नाही.

ग्रामोफोनने मात्र गाणे आणि गाणारा यांची ताटातूटच केली. १९०२ च्या नोव्हेंबरात कलकत्त्यास गौहर जान यांचे गाणे मुद्रित झाले. तीन मिनिटांत ख्याल संपवावयाचा आणि शेवटी इंग्रजीत आपले नाव पुकारावयाचे, असा प्रकार होता. नाव का पुकारावयाचे? तर तबकड्या जर्मनीत हॅनोव्हरच्या कारखान्यात छापल्या जात व तेथील कामगारांना कोणाचे गाणे ते कळावे म्हणून. या तबकड्यांच्या इतिहासात आम्हांला सर्वांत आवडलेली गोष्ट हीच. एवढी मोठी गायिका, पण तिला आपले नाव सांगावे लागले ते हॅनोव्हरच्या कारखान्यातल्या कामगाराला.

सर्वच कलावंत या यंत्रापुढे बसले नाहीत. अल्लादिया खाँसाहेबांनी आपला आवाज मुद्रित होऊ दिला नाही, आणि आज तो कोणालाही ऐकता येत नाही. त्यांच्या शिष्या केसरबाई केरकर यांनी काही ध्वनिमुद्रिका दिल्या. त्यांतली एक अमेरिकेने १९७७ साली व्हॉयेजर यानाबरोबर अवकाशात धाडली. ते यान आता इतके लांब गेले आहे की तेथून निघालेला संदेश पृथ्वीवर यावयास जवळजवळ एक दिवस लागतो. गोव्यातल्या केरी गावच्या बाईंचे गाणे याहून लांब कोणी नेले नाही. ऐकणारा मात्र अजून कोणी भेटलेला दिसत नाही.

पण तबकडी शिकवू शकते काय? याचे उत्तर भीमसेन जोशी यांच्या चरित्रात आहे. अब्दुल करीम खाँसाहेबांची तबकडी ऐकून त्या पोराला वेड लागले आणि १९३३ साली, अकराव्या वर्षी, त्याने घर सोडले. ग्वाल्हेर, कलकत्ता, जालंधर अशी वणवण केली. अखेरीस १९३६ साली, आपल्या गदगपासून फारशा दूर नसलेल्या कुंदगोळला, सवाई गंधर्वांच्या घरी तो जाऊन राहिला. सवाई गंधर्व हे अब्दुल करीम खाँसाहेबांचेच शिष्य. तबकडीने तहान लावली. पाणी मात्र गुरूच्या घरी, पाणी भरूनच मिळाले. आम्ही हे अक्षरशः म्हणत आहो, कारण शिष्यांनी घरचे पाणी भरण्याची रीत तेव्हा होती. त्या रीतीत फुकट राबवून घेणे किती आणि विद्यादान किती, असा एक प्रश्न आमच्यासारख्याला पडतोच. पण तो आजचा विषय नव्हे.

रेडिओ आला. मुंबईचे केंद्र १९२७ साली सुरू झाले. रेडिओने गाणे खेड्यात आणले हे सर्वांस ठाऊक आहे. त्याने शिकविलेही, हे मात्र कमी सांगितले जाते. १ एप्रिल १९५५ ला पुणे केंद्रावरून माडगूळकर आणि सुधीर फडके यांचे गीतरामायण सुरू झाले. दर आठवड्यास एक नवे गीत, वर्षभरात छप्पन्न गीते. लोक रेडिओपाशी वही घेऊन बसत. आमच्या भजनी मंडळातले जुने पेटीवाले म्हणत असत की त्यांना पहिले राग रेडिओने शिकविले, नाव नंतर कळले, चाल आधी आली. हा झाला लाभ. त्याच रेडिओने १९४० साली पेटीला, म्हणजे हार्मोनियमला, आपल्या दारातून बाहेर काढले. पेटीच्या पट्ट्या ठरलेल्या, तिच्यात आपल्या श्रुती बसत नाहीत, हे कारण. १९७१ पर्यंत ती बंदी उठली नाही. शास्त्राच्या दृष्टीने आक्षेपात तथ्य असेल. पण त्या तीस वर्षांत रेडिओवर पेटी वाजवून पोट भरण्याचा मार्ग ज्यांना बंद झाला, त्यांचा विचार त्या शास्त्रचर्चेत कोणी केल्याचे आमच्या वाचनात नाही. गाणे दुरून यावयास लागले की मधल्या दारावर कोणी तरी बसतो आणि कोणते वाद्य आत सोडावयाचे ते ठरवितो. पुण्याला न पोचलेला तानपुरा आम्हांला पुढे याच वाटेने सापडला.

येथे अमेरिकेतील एका संपाची हकीकत सांगितल्यावाचून आम्हांला पुढे जाववत नाही. बोलपट आले आणि मूकपटापुढे वाजविणारे हजारो वादक बेकार झाले. आपल्याकडेही १९३१ साली आलम आरा आला तेव्हा तंबूतल्या पेटी-तबलेवाल्यांचे तेच झाले. अमेरिकेतील वादकांची संघटना मोठी होती. तिचे अध्यक्ष जेम्स पेट्रिलो हे शिकागोचे ट्रम्पेटवादक. त्यांचे म्हणणे असे की आमचाच आवाज तबकडीत भरून तुम्ही आम्हांलाच कामावरून काढता. बर्फ करणारा मनुष्य रेफ्रिजरेटर बनवावयास गेलेला नसतो, वादक मात्र स्वतःची बेकारी स्वतःच्या हातांनी वाजवून देतो. १ ऑगस्ट १९४२ पासून संघटनेच्या वादकांनी ध्वनिमुद्रण बंद केले. महायुद्ध चालू होते, राष्ट्राध्यक्षांनी विनंती केली, वृत्तपत्रांनी शिव्या दिल्या. संप दोन वर्षांहून अधिक चालला. एक कंपनी १९४३ मध्ये नमली, दोन मोठ्या कंपन्या १९४४ च्या नोव्हेंबरात. खपलेल्या प्रत्येक तबकडीमागे ठराविक रक्कम संघटनेच्या निधीत जमा व्हावी आणि त्यातून बेकार वादकांना मजुरी देऊन लोकांसाठी फुकट जलसे करावेत, असे ठरले.

संप जिंकला. पण त्यात एक भगदाड होते. गायक त्या संघटनेत नव्हते. कंपन्यांनी संपकाळात वाद्यांवाचून, नुसत्या गळ्यांच्या साथीवर, गायकांच्या तबकड्या काढल्या. संप संपला तेव्हा लोकांना गायकांची चटक लागलेली होती आणि वाद्यवृंदांचे दिवस भरत आले होते. ज्याला संघटनेबाहेर ठेवले त्याच्याच हातून संप फुटतो, हा अनुभव आम्ही जिनिंगच्या आवारात हंगामी मजुरांच्या बाबतीत घेतलेला आहे. तेव्हा पेट्रिलोसाहेबांना आम्ही नावे ठेवणार नाही.

आता इंटरनेटकडे येऊ. आपल्या देशात ते सर्वसामान्यांस १५ ऑगस्ट १९९५ पासून मिळू लागले, तेही टेलिफोनच्या तारेवरून, रडतखडत. स्काईप २००३ साली निघाले (ते २०२५ च्या मे महिन्यात बंदही पडले) आणि अमेरिकेतल्या मराठी घरांतून पुण्या-मुंबईच्या गुरूंकडे शिकवण्या सुरू झाल्या. नोकरीसाठी गेलेल्या कुटुंबांना मुलांच्या कानांवर आपले सूर पडावेत अशी इच्छा, आणि इकडे गुरूंना डॉलरातली फी. यात वाईट काही नाही. पण एक गमतीची अडचण उभी राहिली. पुण्यात सकाळचे साडेसहा वाजतात तेव्हा न्यू जर्सीत उन्हाळ्यात आदल्या रात्रीचे नऊ वाजलेले असतात. गुरू भैरव लावतात, शिष्य निजावयाच्या तयारीत असतो. रागाच्या वेळेचा नियम पाळावयाचा तो कोणाच्या घड्याळाप्रमाणे? सूर्य कोणाचा मोजावयाचा? आमच्या समजुतीप्रमाणे अद्याप कोणी निकाल दिलेला नाही, शिकवण्या चालू आहेत.

दोघांनी एकाच वेळी गाणे-वाजविणे ही मात्र खरी कठीण गोष्ट. ती समजण्यासाठी पंढरीच्या वाटेवर चला. आपल्या जिल्ह्यातून मुक्ताबाईंची पालखी जाते. लांब दिंडीत पुढे मृदंग असतो. आवाज एका सेकंदास सुमारे ३४० मीटर जातो, म्हणजे ३४ मीटर मागे चालणाऱ्यास मृदंगाची थाप एक दशांश सेकंद उशिरा ऐकू येते. तो केवळ कानावर विसंबला तर त्याचा टाळ मागे पडणारच. अनुभवी टाळकरी म्हणूनच पुढच्याच्या हाताकडे पाहून टाळ मारतो. शास्त्रज्ञांनी प्रयोग करून पाहिले आहे की साधारण पंचवीस-तीस सहस्रांश सेकंदांपर्यंतचा उशीर वादकांना सोसतो, म्हणजे आठ-दहा मीटर अंतरावर बसल्यासारखे. त्यापुढे लय ओढू लागते. दोघेही एकमेकांची वाट पाहतात आणि गाणे हळूहळू बसत जाते.

काचेच्या तंतूतून प्रकाश सेकंदास सुमारे दोन लक्ष किलोमीटर जातो. न्यू जर्सी पुण्याहून सरळ रेषेत मोजले तरी बारा हजार किलोमीटरांवर. नुसत्या जाण्यासच साठ सहस्रांश सेकंद लागले, येण्यास तितकेच. त्यात समुद्रातून वळसे घेत जाणारी केबल आणि यंत्रांची आपली दिरंगाई मिळवा, की जाऊन-येऊन पाव सेकंद सहज होतो. द्रुत तीनताल मिनिटास २४० मात्रांनी चालला तर एक मात्रा पाव सेकंदाची. म्हणजे तबल्याची सम एक मात्रा चुकून पोचावयाची. कोणत्याही कंपनीने कितीही जाहिरात केली तरी प्रकाशाचा वेग तिच्या हाती नाही. पहूर ते पुणे ही गोष्ट वेगळी. तेथे अंतरापायी जाणारा वेळ दोन-चार सहस्रांश सेकंदांचा. बाकीचा सारा उशीर मोबाइलच्या मनोऱ्यात आणि आवाजाची गाठोडी बांधण्या-सोडण्यात जातो. तो माणसाने केलेला आहे, तेव्हा माणसाला कमी करता येतो. इटलीतल्या त्रिएस्त शहराच्या तार्तिनी संगीतविद्यालयाने खास यंत्रणा करून २०१० साली पॅरिसशी प्रत्यक्ष जुगलबंदी करून दाखविली. त्यासाठी विद्यापीठांच्या राखीव जलद तारा लागल्या. त्या पहूरच्या धाब्यावर नसतात.

आणि तानपुरा? तो अंतराने खाल्ला नव्हता. मोबाइलवरून बोलण्याची ही साधने कचेऱ्यांतल्या सभांसाठी बनलेली. त्यात पंख्याची घरघर, यंत्राची गुणगुण पलीकडे जाऊ नये म्हणून एक चाळणी बसविलेली असते. जो आवाज सतत एकसारखा चालू आहे तो गोंगाट, असा त्या चाळणीचा नियम. आता सतत एकसारखा चालणारा आवाज हीच तर तानपुऱ्याची व्याख्या. यंत्राने त्याला पंखा समजून पुसून टाकले. दोघी एकदम गाऊ लागल्या की ते एकीला गप्प करी, कारण सभेत एकाच वेळी दोघांनी बोलू नये, हाही त्याचा नियम. पुढे कंपन्यांनी मूळ आवाज तसाच जाऊ द्यावा अशी सोय ठेवली. ती शोधावयास पोरीला तीन आठवडे लागले. दोष दुष्टपणाचा नव्हता. ज्यांच्यासाठी हे यंत्र बनले त्यांत आपण धरलेले नव्हतो, एवढेच.

मग गुरू-शिष्यांनी वाट काढली. बाई गात, थांबत. पोरगी गाई, थांबे. तबला पोरीच्याच बाजूस वाजे, यंत्रातला. या यंत्रातल्या तबल्याबद्दल चार शब्द बोलणे आमचे कर्तव्य आहे. आमच्या ओळखीचे एक तबलजी आहेत. त्यांना काही वर्षांपूर्वी शहरात एका खोलीत बसवून निरनिराळे ठेके, निरनिराळ्या लयींत, दोन दिवस वाजवून घेतले आणि एकरकमी पैसे हातावर ठेवले. कागदावर सही घेतली, कागद इंग्रजीत होता. २०२० साली लग्ने बंद, जत्रा बंद, साथीचे एकही बोलावणे नाही. पुण्याचा सवाई गंधर्व महोत्सव, जो १९५३ पासून चालत आला, तोही २०२० आणि २०२१ साली भरला नाही. मोठ्यांची ही कथा, मग तालुक्याच्या साथीदाराला कोण विचारतो! हे तबलजी घरी बसून होते आणि त्यांचेच ठेके घरोघरच्या मोबाइलांत वाजत होते. त्यांनी आम्हांस विचारले, "नाना, यावर काही मागता येते का?" आम्ही कागद वाचून घेतला. मागता येण्यासारखे त्यात काही ठेवलेले नव्हते.

२०१२ साली आपल्या संसदेने कॉपीराइटचा कायदा दुरुस्त केला. गीतकार-संगीतकारांच्या स्वामित्वधनाचा वाटा कोणाला लिहूनही देता येऊ नये, असे त्यात झाले. गाणाऱ्या-वाजविणाऱ्यांचाही हक्क त्यात मानला गेला. गायकांनी त्यावर २०१३ साली आपली संस्था उभारली. साथीदार मात्र आज गावोगाव सुटे सुटे आहेत. आपल्या खानदेशात वहीगायनाचे फड आहेत, अहिराणी गाण्यांना यूट्यूबवर लाखांनी ऐकणारे आहेत. त्या लाखांतून ढोलकीवाल्याच्या पदरात काय पडते, हे आम्ही चौकशी करून पाहिले. बहुतेकांनी दिवसाची मजुरी सांगितली. आम्ही गेल्या वर्षापासून अशा साथीदारांची एक वही करीत आहो. कोणी कोठे वाजविले, काय मिळाले, कागदावर काय लिहून दिले. वही अजून पुष्कळ रिकामी आहे, कारण लोक सही केलेला कागद जपून ठेवीत नाहीत.

पोरीचे शिक्षण चालूच राहिले. दोन वर्षांनी, २०२२ च्या माघात, बाई स्वतः पहूरला आल्या. पी.जे. बंदच होती, म्हणून पाचोऱ्यास उतरून एस.टी.ने आल्या. आमच्या घरी कोणी मागून आणलेला खरा तानपुरा ठेवलेला होता. बाईंनी चहा घेतला, तानपुरा मांडीवर घेतला आणि लावावयास बसल्या. तब्बल पाऊण तास त्या नुसत्या जवारी काढीत होत्या, खुंट्या पिळीत होत्या. आम्हांला वाटले, आता परतीची गाडी चुकणार. पोरगी मात्र जागची हलली नाही. मग बाईंनी तिच्याकडे पाहून हाताने खूण केली, तिने षड्ज लावला, आणि बाईंनी तिला मधेच न थांबविता त्यात आपला आवाज मिळविला. दोन वर्षांत त्या दोघी एकत्र गायल्या त्या तेव्हा प्रथमच.